खोडू नका, कंस करा

ज्याला आमच्या गावचा तलाठी फेरफार म्हणतो, त्याला महसुलाच्या इंग्रजीत म्युटेशन म्हणतात. ज्याला जीवशास्त्राचे प्राध्यापक म्युटेशन म्हणतात, त्याला मराठीत उत्परिवर्तन असे नाव पडले आहे. चावडीवर रुळलेला, आजीबाईलाही कळणारा शब्द घरात असताना हा जिभेची परीक्षा पाहणारा शब्द कोणी व का घडवला, हा वाद मी आज घालणार नाही. तो कोशकारांचा प्रांत. माझे भांडण शब्दाशी नाही, शब्दामागच्या रीतीशी आहे. आणि ते फराळाच्या ताटाशेजारी मांडायला मला संकोच वाटत नाही. कारण ज्या दप्तराविषयी मी बोलणार आहे त्यात चकली तळणारी, ती खाणारे आणि जिच्या भाजणीची ती चकली झाली ते धान्य, अशा सर्वांचीच नोंद होऊ लागली आहे.

माझा दावा असा आहे : जगातल्या विद्वानांनी सगळ्या जिवांच्या अक्षरांचे जे अवाढव्य दप्तर गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत रचले आहे, त्यात चूक कशी लिहावी आणि फेरफार कसा लिहावा याची रीत आमच्या सातबाऱ्याच्या रीतीहून कच्ची आहे. हसणारांनी खुशाल हसावे. मी राहतो तो जिल्हा अहमदनगर. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. हे वाक्य मी जसे लिहिले, म्हणजे जुने नाव ठेवून, नवे सांगून आणि सन देऊन, तसे लिहिण्याची शिस्त त्या दप्तराला लागावी एवढेच माझे मागणे आहे.

आधी दप्तर म्हणजे काय ते सांगतो. आपल्या पेशीपेशीत डी. एन. ए. नावाचा लांबच लांब धागा असतो. त्यावर चारच अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो : ए, टी, जी आणि सी. बाराखडी गिरवणाऱ्या आमच्या पोरांना हेवा वाटावा इतकी ही वर्णमाला तोकडी. पण माणसाच्या एका पोथीत अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरे! १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी या धाग्याची घडण ओळखली. १९७७ साली केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी एका चिमुकल्या विषाणूची अख्खी पोथी वाचली आणि अक्षरे सुमारे ५,३७५ असल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी त्यांनी ती पुन्हा तपासून ५,३८६ असल्याचे जाहीर केले. म्हणजे या विद्येच्या पहिल्या ग्रंथालाच शुद्धिपत्र जोडलेले होते, आणि तेही खुद्द ग्रंथकर्त्याच्या हातचे. यात मला त्यांचा कमीपणा दिसत नाही, मोठेपणा दिसतो.

१९८२ पासून अमेरिकेत जेनबँक नावाचे दप्तर सुरू झाले. युरोपात आणि जपानात त्याची भावंडे आहेत, आणि ही तिन्ही दप्तरे आपल्या नोंदी रोज एकमेकांना देतात. माणूस, गाय, गहू, बुरशी, रोगजंतू, कोणाचीही अक्षरे कोणी वाचली की त्याचा कागद येथे दाखल होतो. कागदाच्या वरच्या अंगाला मजकूर कोणाचा, कोणी वाचला, नमुना कोठला, कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंतचा भाग कोणते काम करतो, असे शेरे. आणि खाली अक्षरांची रांग.

आता या रांगेत एखाद्या जागी अपेक्षेप्रमाणे ए नसून जी दिसला, तर त्याचे कारण काय समजावे? एक कारण, जिवाच्या अंगातच तिथे जी आहे. आईबापांच्या पोथीत नसलेली साठ-सत्तर नवी अक्षरे प्रत्येक मूल जन्मताना घेऊन येते. सृष्टीचा लेखनिकसुद्धा नक्कल करताना डुलकी घेतो, आणि त्याच्या डुलकीतूनच माणसामाणसांतले, वाणावाणांतले भेद उपजले आहेत. हा खरा फेरफार. दुसरे कारण, जिवाच्या अंगात ए च आहे, पण वाचणारे यंत्र चुकले, नमुन्यांची अदलाबदल झाली, किंवा कारकुनाने नक्कल करताना भलतेच टिपले. हा लेखनप्रमाद. कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. रांगेतला जी आपण होऊन सांगत नाही की मी देवाघरून आलो की कारकुनाच्या हातून. ते सांगायला शेजारी शेरा लागतो, आणि शेरा लिहिणाराचे नाव लागते.

आमच्या महसुलाच्या कायद्याने हा भेद कधीच ओळखला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिचे कलम १५० फेरफारांच्या नोंदवहीचे, आणि कलम १५५ लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचे. दोन वेगळी कलमे, दोन वेगळ्या वाटा. बाप वारला आणि मुलांची नावे लागली तर तो फेरफार. 'सखाराम'चा 'सखुराम' झाला तर तो प्रमाद. गाव नमुना सहामध्ये फेरफाराला क्रमांक पडतो, चावडीवर नोटीस लागते, हरकतीसाठी मुदत मिळते, मंडल अधिकारी सही करतो. आणि हरकत आलीच तर ती नोंदवायला सहा-अ अशी वेगळी वही आहे. मग सातबाऱ्यावरचे जुने नाव कंसात जाते, नवे नाव खाली येते, शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. जुने नाव खोडून काढीत नाहीत. पणजोबांचे नाव कंसात का होईना उभे असते, म्हणून तर नातवंडे कोर्टात उभी राहू शकतात!

याचा अर्थ आमच्या दप्तरात चुका होत नाहीत असा नव्हे. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यांचे दर दहा वर्षांनी पुनर्लेखन होत असे, आणि प्रत्येक पुनर्लेखनात काही क्षेत्रे आटत, काही फुगत, आणि एखादी विधवा बहीण नकळत गळून पडे. पुढे सारे संगणकावर चढवले तेव्हा नव्या चुकांची भर पडली. खेड्यातला वाचक हे वाचताना नक्कीच मान डोलावीत असेल. तलाठ्याची भलावण करायला मी बसलेलो नाही (आता त्यालाही ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, हा आणखी एक फेरफार). मी रीतीची भलावण करतो आहे. माणसे चुकली तरी रीत चूक धरून देते. जुना फेरफार काढला की कोणत्या साली, कोणाच्या हातून नाव गळले ते सापडते.

येथे एखादे विद्वान गृहस्थ विचारतील, 'मास्तर, तुम्ही मॅट्रिक. कादंबऱ्या लिहिता. या शास्त्रात तुमचा काय अधिकार?' अधिकार एवढाच की माझा सारा जन्म नकला तपासण्यात गेला आहे. पोरांचे शुद्धलेखन तपासतो, शाळेचे जनरल रजिस्टर सांभाळतो, आणि माझ्या पुस्तकांची मुद्रिते वाचतो. तिन्ही ठिकाणी चुकीची जात एकच. उलट मीच विचारतो, की अक्षरांच्या नकला आणि त्यांतल्या चुका हा विषय जीवशास्त्राचा कधीपासून झाला? पोथ्या लिहिणारे, तपासणारे लोक त्याचा विचार हजार वर्षे करीत आले आहेत.

मुद्रिताचीच गोष्ट सांगतो. माझ्या एका कादंबरीत मी लिहिले होते, 'रामा पाभर घेऊन रानात गेला.' पाभर म्हणजे पेरणीचे अवजार; आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. छापून आले, 'रामा पामर घेऊन रानात गेला.' मुद्रितशोधक शहरातले, सुशिक्षित. त्यांना पाभर हा शब्द भेटलेला नव्हता, पामर भेटला होता. त्यांनी माझी चूक सुधारली! बरे, समासात खूण केली असती तर मी तिथल्या तिथे सांगितले असते. पण त्यांनी गुपचूप सुधारली, आणि हजार प्रतींतून तो बिचारा रामा कुठल्याशा पामराला बखोटीला धरून रानात जातो आहे. अनोळखी पण खऱ्या अक्षराला चूक समजून ओळखीचे अक्षर बसवणे, ही चुकांची सर्वांत घातकी जात. कारण ती चुकीसारखी दिसतच नाही.

आता या कसोटीवर शास्त्रज्ञांचे एक नमुनेदार काम पाहू. त्यांना शिव्या देण्यासाठी नव्हे. ते काम मला फार आवडते म्हणून. पेशीच्या आत ऊर्जा तयार करणारे जे कण असतात त्यांची स्वतःची एक लहानशी पोथी असते, आणि ती मुलांना आईकडूनच मिळते. १९८१ साली केंब्रिजमध्ये ही पोथी पूर्ण वाचली गेली : १६,५६९ अक्षरे. बहुतेक मजकूर एका स्त्रीच्या वारेतून मिळवला होता. काही भाग हेला नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतून. आणि थोड्या जागी अक्षर नीट लागेना तेथे गाईच्या पोथीचा आधार घेतला होता. होय, गाईच्या! जुन्या पोथीचे पान कसरीने खाल्ले की लेखनिक दुसऱ्या शाखेच्या पोथीवरून ओळ भरून काढीत, तसेच हे. मग जगभर सर्वांनी हीच प्रत प्रमाण धरली. कोणाही माणसाची ही पोथी वाचली की या प्रतीशी ताडायची, आणि भेद कितव्या अक्षरावर आहे तो आकडा लिहायचा. वंश शोधणारे, गुन्हे शोधणारे, रोग शोधणारे, सारे या आकड्यांवर बोलू लागले.

१९९९ साली तोच मूळ नमुना पुन्हा वाचला गेला आणि अकरा जागा चुकीच्या निघाल्या. काही ठिकाणी गाईचे अक्षर माणसाच्या पोथीत बसलेले सापडले. आणि एके ठिकाणी तर सी एकच असताना दोन लिहिले गेले होते. म्हणजे पोथी १६,५६८ अक्षरांचीच. आता काय करायचे? जास्तीचा सी काढून टाकला तर त्यापुढच्या तेरा हजारांवर अक्षरांचे क्रमांक एकेकाने सरकणार, आणि अठरा वर्षांचे सारे निबंध, सारे अहवाल खोटे पडणार. ठेवला तर चूक ठेवल्याचे पाप. त्या शोधकांनी काय केले पाहा : ३,१०७ व्या जागी सी काढून एन हे अक्षर ठेवले. एन म्हणजे येथे कोणतेच अक्षर नाही, जागा मात्र राखलेली आहे. एकही क्रमांक हलला नाही, आणि चूक झाली होती याची खूण त्या ओळीत कायमची उभी राहिली. हा कंसच नव्हे काय?

त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. तपासताना त्यांना अशीही काही अक्षरे भेटली की जी इतर माणसांत क्वचितच आढळतात. कोणालाही मोह झाला असता की प्रमाण प्रत आहे, येथे सर्वसामान्य अक्षर बसवून टाकू. त्यांनी तसे केले नाही. ती अक्षरे त्या स्त्रीच्या अंगी खरोखर होती, म्हणून राहू दिली. माझ्या मुद्रितशोधकाला हा निबंध कोणी वाचून दाखवील तर मी त्याचा ऋणी राहीन.

पाठशुद्धीचा विषय निघाला आणि नेवासे आठवले नाही, तर मी या जिल्ह्याचा कसला? प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात तो आजही तेथे आहे. नंतर तीनशे वर्षे नकलांवर नकला झाल्या, आणि पाठ इतके बिघडले की पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, १५८४ साली, निरनिराळ्या प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि यात कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये असे बजावूनही ठेवले. त्यांचे उपकार मराठी भाषेवर केवढे आहेत हे मी सांगावे असे नाही. नाथांचे नाव घेताना हात जोडूनच मी पुढचे वाक्य लिहितो : त्यांनी काढलेल्या अपपाठांची यादी आज आपल्या हाती नाही. त्यातले किती खरोखर अपपाठ होते आणि किती पाभर होते, हे कळायला मार्ग नाही. म्हणून तर १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एक जुनी प्रत नाथपूर्व म्हणून छापली तेव्हा पंडितांत जो वाद पेटला, त्याला शेवट लागला नाही. काढलेले पाठ तळाशी टिपलेले असते तर वाद दोन दिवसांत मिटता. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडून पाहा. वर चार श्लोक, आणि खाली अर्धे पान भरून नाकारलेले पाठ, कोणत्या प्रतीत काय आहे त्याच्या खुणेसह. संपादकाचा निर्णय पटत नाही? मग सारा पुरावा तुमच्यापुढे आहे, करा दुसरा निर्णय.

आता जीवशास्त्राच्या दप्तराकडे पुन्हा येतो, आणि येथे मात्र माझा आवाज चढणार आहे. मार्च २००८ मध्ये 'सायन्स' या अमेरिकन नियतकालिकात बुरशीचा अभ्यास करणाऱ्या अडीचशेच्या आसपास शास्त्रज्ञांनी एक पत्र प्रसिद्ध केले. बुरशीच्या नोंदींपैकी वीस टक्क्यांपर्यंत नोंदींवर जातीचे नाव चुकीचे असावे, असा अंदाज तोवर निघालेला होता. त्यांचे मागणे अगदी साधे होते. वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात एखाद्या नमुन्यावर चुकीचे नाव असेल तर जाणकार मनुष्य जुनी चिठ्ठी फाडीत नाही. तिच्याजवळ आपली चिठ्ठी डकवतो, तीवर नाव आणि तारीख लिहितो. आम्हालाही जेनबँकेच्या नोंदीशेजारी अशी चिठ्ठी डकवू द्या. दप्तराच्या अधिकाऱ्यांनी नकार दिला. आमचे दप्तर म्हणजे पुराणवस्तूंसारखा ठेवा आहे, लोकांच्या नोंदी आम्ही बदलू लागलो तर अंदाधुंदी माजेल, नोंद बदलण्याचा हक्क ती देणाराचाच, अशी त्यांची भूमिका.

ही भूमिका ऐकायला सोज्वळ आहे, पण ती मागणीचे उत्तरच नाही. नोंद बदला असे कोण म्हणत होते? शेजारी शेरा लिहू द्या असे म्हणत होते. फेरफाराला हरकत घेणारा सातबारा खोडायला मागत नाही; सहा-अ च्या वहीत आपली ओळ लिहायला मागतो. आणि नोंद देणारानेच दुरुस्ती करावी हे ठीक. पण तो वारला तर? निवृत्त होऊन नातवंडांत रमला तर? किंवा (विद्वानही माणसेच) आपली चूक दुसऱ्याने दाखवली म्हणून हट्टाला पेटला तर? जमिनीच्या दाव्यात वादी-प्रतिवादी मेले तरी त्यांचे वारस दाखल होतात. या नोंदींना वारस कोण?

न्यायाने बोलायचे तर दप्तरवाल्यांनी काहीच केले नाही असे नाही. नोंद बदलली की तिला नवा आवृत्तिक्रमांक पडतो आणि जुनी आवृत्ती पाहता येते. ज्या नोंदींचा भरवसा नाही त्यांतल्या काहींवर तसा शेरा ते मारतात. युरोपातल्या दप्तराने अलीकडे त्रयस्थांनी सुचवलेल्या दुरुस्त्या जमा करायला एक निराळी खिडकीही उघडली आहे. पण मूळ कागद हाती घेणाऱ्या साध्या माणसाला त्या कागदावर वादाची खूण दिसत नाही, आणि दुखणे नेमके येथे आहे.

कारण चूक एका जागी बसून राहत नाही. नवा जंतू वाचला की त्याच्या अक्षरांचे काम काय, हे बहुतेक वेळा कोणी प्रयोग करून ठरवीत नाही. दप्तरात त्यासारखी दिसणारी जुनी नोंद शोधायची आणि तिचा शेरा उतरवून घ्यायचा. पुढच्याने या नव्या नोंदीवरून उतरवायचा. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलाचे गणित चुकले की शेवटच्या बाकापर्यंत तेच उत्तर कसे जाते, हे मास्तरांना निराळे सांगायला नको! फरक एवढाच की आमची पोरे निदान पकडली गेल्यावर ओशाळतात. २०१४ साली असे उघड झाले की एका रोगजंतूच्या म्हणून दाखल झालेल्या पोथीत गाईची आणि मेंढीची अक्षरे मिसळलेली होती. २०२० साली यंत्राने जेनबँक चाळली तेव्हा अशा भेसळीच्या वीस लाखांवर नोंदी सापडल्या. आणि ज्या संगणकी तक्त्यांत शास्त्रज्ञ आपल्या याद्या भरतात, त्यांनी तर कहरच केला. मार्च आणि सेप्ट या अक्षरांनी सुरू होणारी काही जनुकांची नावे होती. तक्ता त्यांना महिने समजून परस्पर तारखा करून टाकी. शेवटी २०२० साली तक्त्याला शहाणे करण्याऐवजी जनुकांचीच नावे बदलावी लागली. नोकराच्या सोयीसाठी मालकाने नाव बदलण्याचा हा प्रकार आमच्याकडे तमाशातल्या बतावणीत शोभला असता.

'असेनात चुका, आम्हाला काय त्याचे?' असे एखादी गृहिणी म्हणेल. तिला प्रमाण प्रतीचे सांगतो. माणसाची म्हणून जी प्रमाण पोथी वीस-बावीस वर्षे जगभर वापरात आहे, तिच्यातला सुमारे ७० टक्के मजकूर एकाच माणसाचा आहे. अमेरिकेतल्या बफेलो शहरी १९९७ साली वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ज्यांचे रक्त घेतले त्यांतला तो एक, अनामिक. त्याच्याविषयी मला काही म्हणायचे नाही, सज्जन असेल. पण अकोले तालुक्यातल्या ठाकराची किंवा श्रीगोंद्यातल्या माळ्याची पोथी त्या प्रतीशी ताडतात, आणि जिथे जुळत नाही तिथे भेद नोंदला जातो तो आपल्या माणसाच्या नावावर. प्रमाण म्हणजे निर्दोष, असा आपला भाबडा समज असतो. त्या प्रतीत, २०१३ सालच्या आवृत्तीत दुरुस्त होईपर्यंत, रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढवणारे एक दुर्मीळ अक्षर प्रमाण म्हणून बसलेले होते. म्हणजे निरोगी माणूसच तिथे वेगळा ठरत होता. २०२३ पासून ४७ जणांच्या पोथ्या एकत्र गुंफून नवे प्रमाण मांडू लागले आहेत, हे चांगलेच झाले.

आणि या चुकांची किंमत माणसे मोजतात. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. २०१६ साली अमेरिकेत असे दाखवून दिले गेले, की काळ्या वर्णाच्या अनेकांना तुमच्यात या विकाराचे अक्षर आहे असे सांगितले गेले होते, पण ती अक्षरे निरुपद्रवी होती. त्यांच्या समाजात ती पुष्कळ आढळतात. मूळ ठरवाठरवी करताना तुलनेला त्यांची माणसे पुरेशी घेतलीच नव्हती. पाठभेदाला अपपाठ ठरवले. पाभरीचा पामर केला, तोही माणसाच्या काळजात.

आपल्याकडे सिकलसेलचे उदाहरण घ्या. रक्ताचा तांबडा रंग ज्याने येतो त्या द्रव्याच्या पोथीत एका ठरलेल्या जागी ए च्या ऐवजी टी, एवढाच हा फेरफार. तीनशे कोटींत एक अक्षर. आई आणि बाप दोघांकडून टी आला तर तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि जन्मभराचे दुखणे लागते. एकाकडूनच आला तर मनुष्य नुसता वाहक. तो बहुधा धडधाकट असतो, उलट हिवतापाच्या जीवघेण्या तडाख्यातून त्याचा बचाव होतो. ते अक्षर पिढ्यान्पिढ्या टिकले ते यामुळेच. मग ही सृष्टीची चूक म्हणायची की शहाणपण? नंदुरबार-गडचिरोलीकडे हा विकार पुष्कळ. २०२३ पासून देशभर आदिवासी भागांत त्याची तपासणी चालू आहे आणि तपासलेल्यांना पत्रिका मिळते. आता कल्पना करा, एखाद्या मुलीच्या कागदावर नुसते 'म्युटेशन आढळले' एवढेच लिहिले. एका प्रतीत की दोन्ही प्रतींत? यंत्राने एकदा वाचले की पुन्हा ताडले? कोणी वाचले? या शेऱ्यांशिवायचा तो एक शब्द तिचे लग्न मोडायला पुरेसा आहे. सासरची माणसे जीवशास्त्र वाचीत नाहीत, शिक्का वाचतात.

जे माणसांचे तेच बियाण्यांचे. अकोले तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी देशी वाण जपून बियाण्यांची पेढी उभी केली. त्यांना पद्मश्री मिळाली. कोणता वाल कोणत्या वाडीचा, हे त्यांना तोंडपाठ. शेतकऱ्याला आपला वाण नोंदवण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने दिलेला आहे. पण उद्या अशा एखाद्या वालाची अक्षरे कोणी परस्पर वाचून दप्तरात दाखल केली, आणि वाणाचे किंवा गावाचे नाव चुकले, तर हा आमचा वाल आहे असे सांगायला डोंगरातल्या शेतकरीणबाईंनी कोणत्या खिडकीत उभे राहायचे? नोंद देणारा दुरुस्त करील तेव्हा करील, हे उत्तर त्यांना ऐकवायचे काय?

ही तक्रार मी आज करतो आहे, कारण आपले स्वतःचे दप्तर आता कोठे उभे राहते आहे. फरीदाबाद येथे २०२२ साली भारतीय जैविक माहितीचे केंद्र सुरू झाले. दहा हजार भारतीयांच्या पोथ्या वाचण्याचा जो उद्योग सरकारने केला, त्या पोथ्या तेथे ठेवल्या असून जानेवारी २०२५ पासून त्या संशोधकांना पाहायला मिळू लागल्या आहेत. कोरी वही आहे. विलायतेच्या दप्तराची नक्कल करताना त्याचे रकाने मोजून उतरवायचे आणि जो रकाना तेथे नाही तो आपल्याकडेही ठेवायचा नाही, हा शहाणपणा आपण पुष्कळ खात्यांत केला आहे. येथे तरी तो नको. प्रत्येक नोंदीला एक सहा-अ जोडा. हरकत कोणाची, कोणत्या तारखेची, कशाच्या आधारावर, आणि ती यंत्राच्या वाचनाला आहे की नावाला की अर्थाला, हे त्यात येऊ द्या. हरकत घेणाराने नाव लिहावे. निनावी अर्ज आमच्या चावडीवरही कोणी मनावर घेत नाही. अक्षर बदललेच तर जुने कंसात राहू द्या, आणि नोंद कोणीही उतरवून घेतली तरी हा कंस तिच्याबरोबर जावा अशी तजवीज करा.

एवढे शेरे मावायचे कुठे, असे एका शहरी स्नेह्यांनी मला विचारले. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून रकाना असतो. त्यात सोसायटीचा बोजा, विहिरीतला वाटा, बहिणीचा हक्क, कुळाचे नाव, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळे दाटीवाटीने बसते. रकाना भरला तर आमचा तलाठी पुरवणी पान जोडायचा. फरीदाबादला तर कागदही लागत नाही.